खाशाबा जाधव : पदक देशाचं, खर्च गावाचा

इंदूर असो, बेळगाव असो, बडोदं असो की सोलापूर. हल्ली कुठल्याही शहरात क्रीडासंकुलाच्या भिंतीवर एक फलक हमखास दिसतो. कराटे, तायक्वांदो, ज्युदो, किकबॉक्सिंग, कुस्ती, सगळे लढतीचे खेळ एकाच मंडपाखाली, आणि वर मोठ्या अक्षरात आंतरराष्ट्रीय स्पर्धा असं लिहिलेलं. घरातलं पोरगं निवडलं गेलं की आधी पेढे वाटले जातात. मग संध्याकाळी आई-वडील हिशेबाला बसतात. प्रवेश फी किती, गाडीभाडं किती, किटचे किती, परदेशात स्पर्धा असली तर पासपोर्ट, व्हिसा, विमान. आणि शेवटी एकच प्रश्न उरतो, हे पैसे आणायचे कुठून?

हा प्रश्न आजचा नाही. सत्तर वर्षांपूर्वी कऱ्हाडजवळच्या एका खेड्यातल्या पैलवानाला तो पडला होता. त्याचं उत्तर सरकारजवळ मिळालं नाही. ते मिळालं गावाच्या वर्गणीत आणि एका प्राचार्यांच्या घराच्या कागदपत्रांत. त्या पैशावर तो पैलवान फिनलंडच्या हेलसिंकीला गेला आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आला. ते पैलवान म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. देशभर त्यांना के. डी. जाधव म्हणून ओळखतात. आपल्याकडे मात्र ते खाशाबाच.

गोळेश्वरची माती

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाड तालुक्यात, गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरात कुस्ती ही काही वेगळी शिकवायची गोष्ट नव्हती. सकाळी जनावरांना वैरण घालावी, शेतावर जावं, तशीच पहाटे उठून तालमीत जायचं. वडिलांनी पाचव्या वर्षी त्यांना मातीत उतरवलं. जत्रेच्या फडात हे बारकं पोरगं आपल्यापेक्षा मोठ्या गड्याला पाठीवर टाकतं, हे पंचक्रोशीला लवकरच कळलं.

अंगापिंडाने खाशाबा कधीच दांडगे नव्हते. उंची बेताची, वजन हलकं. पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जो डोंगरासारखा गडी उभा राहतो, तसे ते अजिबात नव्हते. त्यांची ताकद होती चपळाईत आणि डावपेचांत. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान काखेत धरायची आणि तो सावरायच्या आत अंगावरून फेकायचा. पुढे इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांना पॉकेट डायनॅमो हे नाव दिलं ते यामुळेच.

शाळा कऱ्हाडची, टिळक हायस्कूल. तिथे ते १९४० ते १९४७ या काळात शिकले. हीच वर्षं चलेजाव चळवळीची. सातारा जिल्हा त्या वेळी पेटलेला होता आणि प्रतिसरकारची माणसं गावोगाव भूमिगत राहून काम करत होती. अशा माणसांना आसरा देणं, त्यांची पत्रकं इकडून तिकडे पोहोचवणं, ही कामं या शाळकरी पोराने केली. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा त्यांचं वय २१. तिरंगा आता ऑलिम्पिकमध्ये चढला पाहिजे, ही जिद्द त्यांनी तेव्हापासून धरली.

कोल्हापूर, इंदूर आणि राजांचा आश्रय

पुढच्या शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. कुस्तीसाठी यापेक्षा चांगली जागा त्या काळी देशात शोधून सापडली नसती. राजर्षी शाहू महाराजांनी युरोपच्या दौऱ्यात रोमची जुनी क्रीडागारं पाहिली आणि तसंच गोल, सगळ्यांना सगळीकडून दिसेल असं खासबाग मैदान कोल्हापुरात उभं केलं. १९१२ साली ते खुलं झालं तेव्हा तिथे इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती लागली. हे इमामबक्ष म्हणजे गामा पैलवानांचे भाऊ. दोघे भाऊ १९१० साली लंडनला जाऊन गोऱ्या मल्लांशी झुंजून आले होते. म्हणजे परदेशात जाऊन लढणं आपल्या पैलवानांना नवं नव्हतं. पण त्यांच्यामागे कोणी ना कोणी धनवान माणूस उभा असे.

इंदूरच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. होळकरांच्या दरबारानेही मल्लांना आश्रय दिला, खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. कोल्हापूर आणि इंदूर ही तशी सोयऱ्यांची घरं. कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताबाई यशवंतराव होळकरांच्या महाराणी होत्या. कोल्हापुरात आपण तालीम म्हणतो, माळव्यात आखाडा म्हणतात. इकडे वस्ताद, तिकडे उस्ताद. इकडे मैदान भरतं, तिकडे दंगल. शब्द बदलतो, माती तीच. बडोद्यातही तेच होतं. मराठी मुलुखाबाहेर पडून मराठी माणसं जिथे जिथे वसली तिथे देवळाशेजारी एक तालीम उभी राहिली, आणि तिच्या खुराकाचा काही वाटा तरी राजाच्या कोठीतून आला.

खाशाबांच्या आयुष्यातली पुढची गोष्ट समजायची असेल तर ही व्यवस्था ध्यानात ठेवावी लागते. कारण त्यांच्या डोळ्यांदेखत ती मोडली. इंदूर १९४८ साली मध्यभारतात विलीन झालं. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात गेलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात बडोदंही. देश एक झाला, ते व्हायलाच हवं होतं. पण पैलवानाचा खुराक आणि प्रवासखर्च आता कोणी द्यायचा, हे कुणी ठरवलं नव्हतं. होळकरांचा क्रिकेट संघ नामांकित होता, चार वेळा रणजी करंडक जिंकलेला. तोही १९५५ च्या सुमारास बंद पडला. जुना आधार गेला होता आणि नवा अजून उभा राहायचा होता. खाशाबांचं पहिलं ऑलिम्पिक या मोडतोडीच्या अलीकडे आहे आणि दुसरं पलीकडे.

लंडन : मातीतून गादीवर

कोल्हापुरात बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबांचा सराव चालू होता. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली तेव्हा जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदाच ऑलिम्पिकला चालला होता, आणि तोही थेट लंडनला.

तिथे गेल्यावर खरी अडचण कळली. जन्मभर मातीत खेळलेल्या माणसाला गादीवर लढायचं होतं. हा फरक वरवरचा नाही. मातीत पाय रुततो, आधार मिळतो. गादीवर पाय सटकतो तरी किंवा अडकतो तरी. मातीतली कुस्ती निकाली, म्हणजे पाठ लागली की संपली. कितीही वेळ लागो. गादीवर घड्याळ चालू असतं, पंच गुण मोजतात, आणि पाठ न लागताही माणूस हरतो. आपल्या तालमीत कुणाला हे नियम नीट ठाऊक नव्हते आणि सरावाला गादीही नव्हती.

लंडनमध्ये रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना गादीवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीचे धडे दिले. तेवढ्या थोड्या शिकवणीवर खाशाबा फ्लायवेट गटात उतरले आणि सहावे आले. गादीची पुरती ओळख नसलेल्या २२ वर्षांच्या पोराचं हे यश लहान नव्हतं. 

पण खाशाबा त्यावर खूश झाले नाहीत. काय कमी पडलं ते त्यांना नेमकं उमगलं होतं. परत आल्यावर पुढची चार वर्षं त्यांनी त्या एका गोष्टीसाठी दिली. जोर-बैठका, दोर, लढती हे होतंच. त्याच्या जोडीला गादीवरचे डाव, वेळेचं भान आणि जागतिक नियम यांचा अभ्यास सुरू झाला. या वेळी ते वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या बँटमवेट गटात तयारी करत होते.

निवडीचं भांडण

१९५२ च्या निवडीत मात्र माशी शिंकली. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत अगदी थोडक्या फरकाने खाशाबांना मागे ठेवण्यात आलं. गुण देताना पक्षपात झाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसरा कुणी असता तर नशिबाला दोष देऊन गावी परतला असता. खाशाबा शांत स्वभावाचे, पण गप्प बसणारे नव्हते. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादवेंद्र सिंह हे तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि खेळाची जाण असलेले होते. त्यांनी खाशाबांना निवड चाचणीत उतरण्याची संधी दिली. तिथे गुणांचा प्रश्नच आला नाही. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट केलं आणि हेलसिंकीच्या संघात आपली जागा घेतली.

यात एक बोचणारी गोष्ट आहे. न्याय मिळाला तो एका राजाच्या दारी. संस्थान गेलं होतं, पण खेळाडूला दाद मागायला राजाशिवाय दुसरी जागा अजून तयार झाली नव्हती.

घर गहाण

निवड झाली, पण प्रवासाचं काय? आता कोल्हापूर संस्थान नव्हतं. सरकारदरबारी मदतीसाठी पुन्हा पुन्हा विनंत्या कराव्या लागल्या. दिवस सरत चालले होते आणि रक्कम जमत नव्हती.

मग गोळेश्वर आणि कऱ्हाडची माणसं बाहेर पडली. खाशाबा स्वतः दारोदार फिरले. दुकानदारांनी दिलं, शेतकऱ्यांनी दिलं, ज्याला जे जमलं ते त्याने दिलं. जत्रेची वर्गणी गोळा करावी तशी ऑलिम्पिकची वर्गणी गोळा झाली. हेलसिंकी नकाशावर कुठे आहे हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. आपला गडी लढायला चाललाय, एवढं त्यांना पुरेसं होतं.

तरीही मोठी तूट राहिली. ती भरून काढली राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी. त्यांनी आपलं घर गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार म्हणजे एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाची कैक वर्षांची कमाई. आपल्या जुन्या विद्यार्थ्यावर इतका भरवसा टाकणारा शिक्षक विरळाच. पदक मिळेल याची हमी नव्हती. मिळालं असतं तरी त्यातून पैसे परत येण्याची तर मुळीच नव्हती.

हेलसिंकी, जुलै १९५२

त्या काळच्या ऑलिम्पिक कुस्तीचे नियम आजच्यासारखे नव्हते. पैलवानाच्या नावावर दंडगुण चढत. चितपट करून जिंकलं तर शून्य. गुणांवर जिंकलं तरी एक दंडगुण लागे, आणि हरलं तर जास्त. ठरावीक आकडा गाठला की माणूस स्पर्धेतून बाद. त्यामुळे नुसतं जिंकून भागत नव्हतं, पाठ लावून जिंकायला हवं होतं. निकाली कुस्तीत वाढलेल्या खाशाबांना हा हिशेब मानवणारा होता.

सुरुवात तशीच झाली. कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन आणि मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो या दोघांना त्यांनी चितपट केलं. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झशी झालेली लढत चुरशीची ठरली. तीन पंचांपैकी दोघांनी कौल खाशाबांच्या बाजूने दिला. गोळेश्वरचा गडी आता पदकाच्या उंबरठ्यावर होता.

समोर आला जपानचा शोहाची इशी. हा मूळचा ज्युदो खेळणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. इशी ज्युदोची पकड घेऊन गादीवर आला होता आणि खाशाबा मातीतली ढाक घेऊन. ही लढत पूर्ण वेळ चालली आणि अगदी थोडक्या फरकाने खाशाबांच्या हातून निसटली. पुढे याच इशीने सुवर्णपदक जिंकलं. त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण.

यानंतरची हकीकत कुस्तीच्या कट्ट्यांवर आजही हळहळून सांगितली जाते. इतकी दमवणारी लढत संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला बोलावण्यात आलं. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण तो नियम पुढे करून पंचांशी बोलायला भारतीय पथकातला एकही अधिकारी त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हता. भाषा परकी, माणसं परकी. खाशाबा तसेच दमलेल्या अंगाने गादीवर चढले आणि हरले. मामेदबेकोवला रौप्य मिळालं, खाशाबांना कांस्य. तो दिवस होता २३ जुलै १९५२.

अर्धा तास मिळाला असता तर काय झालं असतं, याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही. मामेदबेकोव हाही कच्चा गडी नव्हता. पण पैलवानाला ताजंतवानं होऊन लढायचा हक्क होता, आणि तो मागायला कुणीतरी सोबत हवं होतं, एवढं नक्की. आपल्या गावच्या फडात साधी कुस्ती लागली तरी वस्ताद कडेला उभा असतो. इथे जगातल्या सगळ्यात मोठ्या फडात आपला गडी एकटा होता.

त्याच संघातले केशव माणगावे ६२ किलो गटात चौथे आले, पदकापासून एक पाऊल मागे. भारताने त्या वेळी हॉकीचं सुवर्ण जिंकलं आणि देशभर जल्लोष झाला. वैयक्तिक खेळातल्या या पहिल्या पदकाची तेवढी वाजतगाजत दखल दिल्लीत घेतली गेली नाही.

सात तासांची मिरवणूक

दखल घेतली ती कऱ्हाडने. खाशाबा रेल्वेने उतरले तेव्हा स्टेशनबाहेर शंभरावर बैलगाड्या सजवून उभ्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल. स्टेशनपासून गावापर्यंतचं अंतर एरवी पंधरा मिनिटांचं. त्या दिवशी मिरवणुकीला सात तास लागले. ज्यांनी वर्गणी दिली होती ते सगळे रस्त्यावर होते. पदक देशाचं होतं, पण त्यातला आपला वाटा प्रत्येकाला ठाऊक होता.

गुलाल उतरल्यावर खाशाबांनी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर कर्ज फेडण्याचं. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि त्यातून मिळालेला पैसा प्राचार्य खर्डेकरांचं घर सोडवण्यासाठी दिला. ऑलिम्पिकचा पदकविजेता परत येतो आणि आपल्याच पदकाचा खर्च भागवण्यासाठी पुन्हा मातीत उतरतो. आज हे वाचताना विचित्र वाटतं. त्यांना त्यात वावगं वाटलं नाही. घेतलेलं परत करायचं, एवढा साधा हिशेब होता.

खाकी वर्दीतली वर्षं

१९५५ साली खाशाबा मुंबई पोलिसांत सबइन्स्पेक्टर म्हणून भरती झाले. पुढच्या म्हणजे १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचा विचार मनात होताच. पण गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तो रस्ता बंद झाला. पोलीस खात्याच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, नव्या मुलांना शिकवलं. नोकरी मात्र इतर कुठल्याही अधिकाऱ्यासारखीच केली. २७ वर्षं सेवा झाली. निवृत्त झाले ते असिस्टंट कमिशनर म्हणून. बढती मिळाली ती नोकरीच्या अखेरीस.

निवृत्तीनंतरचा काळ सुखाचा गेला नाही. हक्काच्या निवृत्तिवेतनासाठी त्यांना सरकारी कचेऱ्यांत खेटे घालावे लागले. ज्या माणसाने परदेशात तिरंग्याची शान वाढवली, तो टेबलावरून टेबलावर फिरणाऱ्या आपल्या फायलीमागे धावत होता. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेच्या वेळी मशाल घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला, एवढीच काय ती अधिकृत आठवण. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात खाशाबांचा मृत्यू झाला. वय ५८.

मागाहून आलेले मान

नंतर मान येत गेले. राज्य सरकारचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला, केंद्राचा अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव देण्यात आलं. २०२३ च्या जानेवारीत गुगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र झळकवलं. महाराष्ट्राने १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडादिन म्हणून ठरवला. पद्म पुरस्काराची मागणी घरचे आणि कुस्तीप्रेमी वर्षानुवर्षं करत आले. गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती संकुल व्हायचं जाहीर झालं, पण काम इतकं रेंगाळलं की २०१७ साली कुटुंबाला पदक लिलावात काढण्याचा इशारा द्यावा लागला.

पदकाची किंमत कळायला आकडे पुरेसे आहेत. खाशाबांनंतर भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं ते १९९६ साली अटलांटात, लिअँडर पेसला टेनिसमध्ये. मध्ये ४४ वर्षं गेली. कुस्तीत पुढचं पदक सुशील कुमारचं, २००८ साली बीजिंगला. म्हणजे ५६ वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या मातीतला पुढचा वैयक्तिक पदकविजेता ठरला स्वप्नील कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत. ७२ वर्षांनी, आणि पुन्हा कांस्यच. स्वप्नीलला राज्य सरकारने लगेच १ कोटी रुपयांचं बक्षीस जाहीर केलं आणि रेल्वेने बढती दिली. काळ बदललाय, हे मान्य करायला हवं.

पण पदकाच्या आधी?

बदल झालाय तो पदकानंतरच्या दिवसांत. पदकाच्या आधीची वर्षं अजूनही बरीचशी तशीच आहेत. सीमाभागातल्या खेड्यातलं पोरगं आजही कोल्हापूरच्या तालमीत खोली करून राहतं आणि त्याच्या दुधा-बदामाचा खर्च बाप उसाच्या बिलातून भागवतो. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे असेच कोल्हापूरच्या मातीत तयार झाले आणि १९५९ साली पहिले हिंदकेसरी ठरले. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तरी पैलवानांची वाट बदलली नाही. इंदूरच्या आखाड्यातल्या पोराचीही गोष्ट याहून फार निराळी नसते. राज्य बदललं की योजना बदलते, अर्ज बदलतो. बापाची काळजी तीच राहते.

म्हणून एखाद्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा फलक दिसला आणि शेजारचं पोरगं वर्गणीसाठी दारात आलं, तर त्याला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. ही स्पर्धा कुणाच्या मान्यतेने होतेय, आणि तिथे तुझ्यासोबत नियम जाणणारं कोण असणार आहे? खाशाबांना पैसा उशिरा का होईना, गावाने आणि गुरूने दिला. हेलसिंकीत कमी पडलं ते दुसरं. त्यांच्या बाजूने उभं राहून अर्धा तास मागून घेणारा एक माणूस.

या दोन्ही गोष्टींची खात्री पटली की मग मात्र हात आखडता घेऊ नये. गोळेश्वरच्या माणसांनी घेतला नव्हता.